तळहातावरचा टोमॅटो

बाजारातून आणलेला एक टोमॅटो तळहातावर घ्या. देठाकडे हिरवट, खाली नुकती लाली चढू लागलेला मिळाला तर उत्तम. दाबून बघू नका. नुसता धरा, वजन जाणवू द्या.

तोडल्यावरही हे फळ थांबलेलं नाही. तुमच्यासारखंच तेही श्वसन करतंय. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. पिकण्याच्या सुमारास त्याचं श्वसन एकदम वाढतं. तुमचा श्वास मात्र संथच राहू द्या.

डोळे मिटा. सालीखालचा गर, त्यामागे बुळबुळीत रसात बसलेल्या बिया मनात आणा. फळ इतके दिवस हिरवं आणि टणक राहिलं, कारण बिया तयार व्हायच्या होत्या. त्या झाल्या, आणि ‘आरआयएन’ नावाचं जनुक जागं झालं. ते स्वतः रंग देत नाही की गोडी आणत नाही. ते बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. मग एथिलीन वायू सुटतो, आणि हा वायूच आणखी एथिलीन बनवून घेतो. आंब्याच्या आढीत एक फळ पिकलं की शेजारची मागे राहत नाहीत, ते याच वायूमुळे.

या जनुकात बिघाड असलेलं टोमॅटोचं वाण १९६८ साली नोंदवलं गेलं. त्याची फळं आठवडेच्या आठवडे टणक, पिवळट राहतात. बाहेरून एथिलीन दिलं तरी पुरती पिकत नाहीत. आतल्या बिया मात्र रुजायला तयार असतात. इथे थोडं थांबा. बिया तयार आहेत, आणि फळ ते कुणाला कळू देत नाही.

आता अंगठा हलकेच टेकवा. साल किंचित दबेल. पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं ते पेक्टिन. पेरूची जेली धरते तीही त्याच्याच जोरावर. काही विकरं हे पेक्टिन तोडतात आणि पेशी सुट्या होऊ लागतात. याला कुजणं म्हणू नका. कुजवणारे बाहेरून येतात. मऊ होण्याचं काम फळ आपलं आपण करतं.

कॅलिफोर्नियातल्या कॅल्जीन कंपनीने यातलं एक विकर, पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज, जवळपास गप्प केलं. तो ‘फ्लेव्हर सेव्हर’ टोमॅटो १९९४ साली दुकानांत आला. तरीही तो मऊ पडायचाच! एकाच विकरावर सगळी भिस्त ठेवणं भाबडेपणाचं होतं, असं मला वाटतं. पुढे २०१६ मध्ये पेक्टेट लायेज या दुसऱ्या विकराचं जनुक शांत केल्यावर फळ खरोखर घट्ट राहिलं, आणि रंगही बिघडला नाही.

डोळे उघडा. टोमॅटो ठेवायचा कुठे? फ्रिजमध्ये नको. ५ अंशांत आठवडाभर राहिलेल्या टोमॅटोत सुगंध घडवणारी जनुकं मंदावतात, आणि बाहेर काढल्यावरही पुरती सावरत नाहीत. साखर आणि आंबटपणा तसाच राहतो, वास जातो. तेव्हा ओट्यावरच्या टोपलीत ठेवा, आणि पुरता लाल झाला की त्याच दिवशी खा.