माकडाच्या हाती कुंचला

फ्रेंच चित्रकारांनी माकडांकडून माणसांचे बरेच उद्योग करवून घेतले आहेत. ही माकडे अंगरखे घालतात, जुनी नाणी न्याहाळतात आणि वेळ आली की चित्रफलकासमोरही बसतात. शार्दँने १७४०च्या सालोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, असे एक चित्रकार माकड मांडले होते, आणि अलेक्झांद्र-गाब्रिएल दकाँ याने १८३३ साली आपले स्वतःचे माकड रंगवले. हा विनोद सोपा आहे. ज्याला कला येत नाही तो तिची नक्कल करतो, आणि ‘माकडाच्या हाती कोलीत’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना तो लगेच कळतो. पण दकाँ तिथे थांबला नाही. १८३७ सालच्या ‘तज्ज्ञ’ या चित्रात, जे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, त्याने कुंचला माकडांच्या हातून काढून घेतला. इथे झकपक पोशाखातली माकडे एका निसर्गचित्राभोवती जमून ते गंभीरपणे निरखत आहेत. ते निसर्गचित्र पुसँच्या वळणाचे आहे, म्हणजे मुळीच टाकाऊ नाही. सालोनच्या परीक्षकांनी दकाँची काही चित्रे नाकारली होती, त्याचा राग या चित्रात उतरला आहे हे उघड आहे. राग वैयक्तिक असला तरी नेम अचूक लागला. नट, गायक, राजकारणी कला हाती घेतात तेव्हा आपण जी थट्टा करतो ती अजून १८३३च्या माकडापाशी घोटाळते आहे. तिने १८३७च्या माकडांकडे वळायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

हातात कुंचला धरणारा नामवंत तसा निरुपद्रवी असतो. पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का चित्रे काढी. उद्रीच्या एका शेतवाडीच्या चित्राची तिने केलेली नक्कल व्हर्सायमध्ये आहे आणि तिच्यावर राणीची सही व १७५३ हे साल आहे. तिच्या चिनी दालनातली चित्रे रंगवताना दरबारी चित्रकार मदतीला होते. राणीचा हात कुठे संपला आणि नोकरीतल्या चित्रकाराचा कुठे सुरू झाला, हा प्रश्न दरबारात मोठ्याने कोण विचारणार? पण यात राणीचे काय चुकले? तिने वेळ घालवला, रंग वाया घालवले, कदाचित आनंदही मिळवला. चुकलेच असेल तर वाहवा करणाऱ्यांचे.

चर्चिलला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. १९१५मध्ये, गॅलिपोलीच्या मोहिमेमुळे नौदलाचे मंत्रिपद गेल्यावर, चाळिशीत त्याने रंग हाती घेतले. १९२१मध्ये पॅरिसला त्याने चित्रे मांडली ती चार्ल्स मॉरिन या नावाने. १९४७ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीकडे दोन चित्रे पाठवली ती डेव्हिड विंटर या नावाने, आणि ती स्वीकारली गेली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एकाने आपली प्रसिद्धी बाहेर काढून ठेवावी आणि मगच दार ठोठवावे, यात मला त्याच्या रंगांपेक्षा अधिक सौंदर्य दिसते. पण बाजाराने पुढे काय केले ते पाहा. कासाब्लांका परिषदेनंतर १९४३मध्ये माराकेशला काढलेले कुतुबिया मशिदीच्या मनोऱ्याचे चित्र त्याने रूझवेल्टला भेट दिले होते. फिरत फिरत ते अँजेलिना जोलीकडे आले आणि मार्च २०२१मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ८२ लाख ८० हजार पौंडांना गेले. अंदाज होता १५ ते २५ लाखांचा. चित्र बरे आहे, संध्याकाळचा उजेड नीट पकडला आहे. पण वरचे पैसे त्या उजेडाचे नव्हेत. चित्रामागे तीन नावे उभी होती आणि बोली त्या नावांवर लागली. तेच कापड डेव्हिड विंटरच्या सहीने आले असते तर लिलावगृहाने त्याला उभे तरी केले असते का, याची शंका आहे.

२०२२मध्ये जॉनी डेपच्या ७८० मुद्राचित्रांचा संच ब्रिटनमध्ये काही तासांत संपला आणि सुमारे तीस लाख पौंड जमा झाले. चेहरे होते अल पचिनो, एलिझाबेथ टेलर, कीथ रिचर्ड्स आणि बॉब डिलन यांचे. नामवंताने नामवंत काढला आणि नावांच्या चाहत्यांनी तो घेतला. या व्यवहारात चित्रकलेचे काम फक्त कागद पुरवण्याचे उरले. गंमत अशी की खुद्द डिलनही चित्रकार आहे. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या गॅगोसियन दालनात त्याची आशियावरची चित्रे लागली. दालनाने ती प्रवासाची दृश्य-रोजनिशी म्हणून पुढे केली. प्रेक्षकांनी मात्र काही चित्रे कार्तिए-ब्रेसाँ आणि इतरांच्या जुन्या छायाचित्रांवर बेतलेली असल्याचे ओळखले. छायाचित्रावरून चित्र काढणे हा गुन्हा नाही, कित्येक थोर चित्रकारांनी ते केले आहे. पण एखाद्या अनोळखी चित्रकाराने ही चित्रे आणली असती तर दालनाने आधी तपासली असती. इथे नावानेच तपासणी उरकली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही सगळी धंदेवाईक चित्रकारांची असूया आहे. कुंपण घालून बसलेल्यांना बाहेरचा माणूस खपत नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा रवींद्रनाथ टागोर. हस्तलिखितातल्या खोडाखोडीला आकार देता देता साठीनंतर हा माणूस चित्रकार झाला. मे १९३०मध्ये पॅरिसच्या पिगाल दालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले ते अर्जेंटिनाची लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो हिच्या खटपटीने, आणि ‘नोबेल’ नसते तर ती खटपट फळली असती असे वाटत नाही. म्हणजे दार नावानेच उघडले. पण पुढचे काम चित्रांनी केले. त्या काळवंडलेल्या रंगांत, त्या विचित्र पशुपक्ष्यांत आणि लांबट स्त्रीमुखांत कवीची लोकप्रिय प्रतिमा कुठेच दिसत नाही. गीतांजलीच्या भक्ताची तर निराशाच होते. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकेही दिली नाहीत. दोन हजारांवर चित्रे मागे ठेवून गेलेल्या या माणसाला आज आपण कलेच्या इतिहासात मोजतो ते चित्रांकडे पाहून. अमोल पालेकरांची गोष्ट तर उलटीच आहे. जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेला माणूस आधी चित्रकार होता, नट नंतर झाला, तरी त्यांच्या प्रदर्शनाला जाणारा निम्मा प्रेक्षक ‘गोलमाल’च्या ओढीने जात असणार. इथे नाव चित्रकाराच्या आड येते, आणि याचाही दोष पाहणाऱ्याकडेच जातो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. पैसे घेणाऱ्याचे, भिंत घेणाऱ्याची. आवडत्या नटाची सही त्याने घरात लावली तर तुमचे काय गेले? घरातल्या भिंतीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. क्रिकेटपटूची बॅट कपाटात ठेवतात तशी आठवणवस्तू म्हणून ती खुशाल लावावी. पण दालनांच्या भिंती मोजक्या असतात. मुंबईच्या जहांगीर कलादालनात आठवडाभराची जागा मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षे थांबतात. अशा शहरात एखादा सिनेनट पहिल्याच खेपेला उद्घाटन, छायाचित्रकार आणि वर्तमानपत्रांचे अर्धे पान घेऊन येतो, तेव्हा त्या अर्ध्या पानावर दुसऱ्या कुणाचे तरी चित्र छापून यायचे राहते. आठवणवस्तूच्या बाजाराला कलासमीक्षेची भाषा वापरायची मुभा दिली की हे नुकसान सुरू होते. नटाने ती भाषा मागितलेलीच असते असे नाही. ती त्याला दालनाचा चालक देतो, पुरवणीचा संपादक देतो, ‘रेषेतली सहजता’ असे लिहिणारा आमच्यातला कुणी लेखक देतो.

चर्चिलने स्वतःहून जे केले ते दालनांनी नियम म्हणून करायला काय हरकत आहे? निवडीच्या वेळी सही झाका, पत्ता झाका आणि मग ठरवा. रॉयल अकॅडमीने त्या विंटरसाहेबांची चित्रे घेतली, हे तिच्या पदरी जमा धरले पाहिजे. मात्र पुढच्याच वर्षी, १९४८मध्ये, याच संस्थेने चर्चिलला खास मानद सदस्यत्व बहाल केले, आणि ते विंटरच्या नावे खचितच नव्हते.