आधी आलेलं स्वातंत्र्य, उशिरा झालेली सुटका

जुन्या सोलापूरकरासमोर स्वातंत्र्याचा विषय निघाला की गाडी १९४७ वर थांबत नाही, मागे १९३० च्या मे महिन्यात जाते. गांधीजींना अटक झाल्यावर गिरणगाव पेटलं. ८ मेला रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडायला लोक गेले, गोळीबार झाला, पोलीस चौकी आणि कोर्ट जळालं. मग तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल असा उरलाच नाही. बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. देशाच्या सतरा वर्षं आधी आम्ही स्वतंत्र झालो, असं सोलापूर आजही छाती फुगवून सांगतं. आणि का सांगू नये?

१२ मेला मार्शल लॉ आला. गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. गावाने त्यांना विसरू दिलेलं नाही. पत्ता सांगताना ‘चार पुतळ्यापाशी’ म्हणतात, नाटक हुतात्मा स्मृती मंदिरात लागतं, पुण्याला जायला हुतात्मा एक्स्प्रेस आहे. ती ज्या दिशेने धावते त्याच दिशेला येरवडा आहे, हे खिडकीची जागा धरण्याच्या घाईत कुणाच्या ध्यानात येत असेल असं वाटत नाही.

फाशीची तारीख लक्षात ठेवता येते. त्याच लढ्यात तुरुंगात गेलेल्यांची मात्र पंचाईत होते, कारण बराकीतल्या कुठल्या दिवसाला हार घालणार? सोलापूरच्या मार्शल लॉचा जाब विचारायला वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावला, गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. सोलापुरासाठी शिक्षा भोगलेल्या या माणसाचं नाव सोलापुरात किती जणांना ठाऊक आहे?

पण या विसराळूपणाचं टोक पाहायचं तर गोव्याकडे वळावं लागतं. सांगलीचे मनोहर आपटे मोहन रानडे हे नाव घेऊन गोव्यात गेले, मराठी शिकवू लागले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. त्यांना पोर्तुगालला नेण्यात आलं आणि लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. त्यातली काही वर्षं एकांतकोठडीत गेली.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ज्यासाठी माणूस आत गेला ते काम फत्ते झालं, तरी माणूस आतच. हुकूमशहा सालाझारच्या लेखी गोवा अजूनही पोर्तुगालचाच प्रांत होता, त्यामुळे रानडे हा त्याच्या दृष्टीने गुन्हेगारच. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट १९७४ च्या अखेरीस, म्हणजे कायद्याने पाहिलं तर त्याची अडचण समजू शकते. आपली समजत नाही. गोव्यात शरण आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपण १९६२ मध्ये मायदेशी धाडले, आणि रानडे तिकडेच राहिले. हिशेबात चूक झाली, की हा माणूस हिशेबात धरलाच नव्हता? मला दुसरी शंका अधिक खरी वाटते. जिंकलेल्या लढाईतल्या मागे राहिलेल्या माणसाची आठवण राज्यकर्त्यांना जरा अडचणीचीच असते. विजयोत्सव झालेला असतो, भाषणं झालेली असतात, आणि कुणीतरी येऊन सांगतं की एक जण अजून यायचाय.

तसं सांगणाऱ्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात ते स्वतः उतरले होते, त्यामुळे हा त्यांच्यासाठी केवळ निवेदनं देण्याचा विषय नव्हता. रानड्यांच्या सुटकेसाठी ते वर्षानुवर्षं खटपट करत राहिले. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपच्या भेटीत रानड्यांसाठी शब्द टाकला. महाराष्ट्राच्या एका कैद्यासाठी द्रविड चळवळीतला पुढारी रोममध्ये रदबदली करतो, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती. १९६८ मध्ये सालाझारची सत्ता गेली आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली होती.

हुतात्मा आपल्याला सोयीचा असतो. तो पुढे काही विचारत नाही. सुटून आलेला कैदी मात्र आपल्यातच राहतो, म्हातारा होतो, आपण केलेलं सगळं पाहतो. रानडे सुटकेनंतर पन्नास वर्षं जगले. ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन त्यांनी लिहिलं. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ च्या जूनमध्ये ते पुण्यात वारले. पद्मश्री द्यायला सरकारला बत्तीस वर्षं लागली. तुरुंगातून सोडायला पोर्तुगालला त्याच्या निम्म्याहूनही कमी.