वहीत न आलेले हात

सेंद्रिय शेतीचा हिशेब मांडायला बसलं की सुरुवात वाचलेल्या पैशांपासून होते. युरिया वाचला, फवारणी वाचली, दुकानाची उधारी सुटली. हे सगळं खरं आहे. पण वाचलेल्या प्रत्येक पिशवीच्या जागी कुणीतरी राबत असतं, आणि ते घरचंच असल्यामुळे वहीत येत नाही.

तणनाशक मारायचं नाही असं ठरलं की हरळीशी गाठ पडते. वरवर खुरपली तर ती दुप्पट जोमाने फुटते. वाफसा साधून, मुळापर्यंत जाऊन काढावी लागते आणि मग बांधावर कडक उन्हात वाळवावी लागते, नाहीतर तिथूनही चालत परत येते. लव्हाळा त्याहून चिवट. पात हातात येते, गाठ जमिनीतच राहते. आमच्या हळदीत हे काम आई करते. उकिडवी बसते, डाव्या हाताने पानं बाजूला सारते, खुरप्याचं टोक तिरपं घालते आणि हरळीची लांबच लांब दोरी न तुटता ओढून काढते. मला ते जमत नाही. माझ्या हातात तुकडाच येतो. शेजारची बाई रोजाने आली असती तर संध्याकाळी पैसे मोजावे लागले असते.

जीवामृताचंही तेच. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलेल्या या कृतीत विकत आणायचं ते गूळ आणि बेसन एवढंच. पण गाय कुणीतरी चारते, शेण कुणीतरी भरतं, पिंपातलं मिश्रण सकाळ-संध्याकाळ कुणीतरी ढवळतं.

रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी १९२५ साली यावर एक ग्रंथच लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की शेतकरी कुटुंब मजुरी वजा करून नफा काढत नाही. घरात खाणारी तोंडं किती, कामाचे हात किती, हे बघून ते राबतं; गरज भागल्याचं समाधान आणि अंगमेहनतीचा जाच यांचा मेळ बसला की थांबतं. म्हणूनच मजुरांवर चालणारं शेत जिथे बुडतं तिथे घरचं शेत तगतं, स्वतःच्याच मजुरीला कात्री लावून. लेकरं लहान असताना ओढ जास्त, मोठी झाली की हात वाढतात, असं घराच्या वयाप्रमाणे शेत बदलत जातं. आपल्याकडे लेकरं मोठी झाली की पुण्याला जातात, ही भर त्यांच्या मांडणीत आपण घालायची. स्टालिनच्या राजवटीने १९३७ मध्ये चायानोवना गोळ्या घातल्या.

श्री. अ. दाभोळकरांचं दहा गुंठ्यांचं गणित मला चायानोवांच्या या मांडणीमुळे आता निराळं दिसतं. पाच माणसांचं कुटुंब पाव एकरात नीट जगू शकतं, असं प्रयोग परिवार उभा करणारा हा गणिताचा प्राध्यापक सांगे. तो हिशेब पानांवर पडणाऱ्या उन्हाचा आहे, हे खरंच. पण एका घराची नजर किती झाडांवर पुरते, याचाही आहे. एकराची हाव धरली की पानामागची अळी दिसायची राहून जाते.

सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राची एक पद्धत आहे, तिच्यात गावातले किमान पाच शेतकरी एकमेकांच्या शेतात जाऊन खात्री करतात. पूर्वीच्या सावडीत हात उसने मिळत, इथे नजर उसनी मिळते. ही पद्धत मला आवडते. मात्र त्या कागदांत बियाणं कुठलं, फवारलं काय, शेजाऱ्याच्या रानातलं पाणी येतं का, हे येतं. खुरपलं कुणी, हे येत नाही. हंगामी पिकांना रूपांतराची साधारण दोन वर्षं लागतात. तेवढ्यात उतारा घटतो आणि भाव मात्र साधाच मिळतो. ती तूट बँक सोसत नाही, घर सोसतं.

यंदा आईचे दिवस गावच्या दराने वहीत लिहायला घेतले. हळद तोट्यात गेली. धाकटा भाऊ म्हणाला, दर वाढवू या. गिऱ्हाईक आधीच कुरकुरतंय. आईने वही ऐकून घेतली. म्हणाली, "मग हळद निम्मी लावा. पण विहिरीकडच्या वाफ्यातली कोथिंबीर माझी आहे, ती लिहायची नाही."