फुकट, दान आणि देणे



मे महिना जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून सुट्टीतील शब्बाथशाळेची तयारी सुरू होते. चित्रे, गीते, पाठांतराची वचने, शेवटच्या दिवशीचा खाऊ, हे सर्व आता आपल्या अंगवळणी पडले आहे. अलीकडे काही मंडळ्यांनी याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. ज्यांची बुद्धी सावकाश वाढते, ज्यांना दिसत किंवा ऐकू येत नाही, ज्यांचे हातपाय स्वाधीन नाहीत, जी स्वमग्न आहेत, अशा मुलांसाठी उन्हाळ्यात तीनचार दिवसांचे निवासी शिबिर भरवायचे आणि त्याबद्दल कोणाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. काम निःसंशय चांगले आहे. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो न विचारताच पुढे गेलो तर चांगल्या कामालाही वाईट वळण लागते. शिबिर विनामूल्य ठेवून आपण त्या मुलांना नक्की काय देतो? आणि देणारे आपण कोण?

हा प्रश्न आम्हांला कोणत्या ग्रंथात सापडला नाही. तो एका आईने आमच्यापुढे ठेवला. २०१९ च्या मे महिन्यात सीमाभागातील आमच्या मंडळीने एका शाळेच्या आवारात असे शिबिर पहिल्यांदाच भरवले. मुले एकोणीस होती. प्रत्येक मुलाबरोबर तरुणसंघातील एक भाऊ किंवा बहीण दिवसभर राहील अशी योजना होती. चार दिवस आनंदात गेले. मुलांनी गाणी म्हटली, मातीची जनावरे केली, वळवाचा पाऊस आला तेव्हा मनसोक्त भिजून घेतले. शेवटच्या दिवशी समारोपाची सभा झाली. ज्यांनी धान्य, गाद्या आणि पैसे दिले होते त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवले होते. सभा चालवण्याचे काम आमच्याकडे होते. डाउन सिंड्रोम असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला आम्ही पुढे बोलावले, त्याच्या हाती गुलाबाचे फूल दिले आणि म्हणालो, "बाळ, सगळ्या काकांना थँक्यू म्हण." तो म्हणाला. टाळ्या पडल्या. त्याला मौज वाटली म्हणून तो पुन्हा म्हणाला, पुन्हा टाळ्या पडल्या. असे पाचसहा वेळा झाले. लोक हसू लागले. आम्हीही हसलो.

सभा आटोपल्यावर त्याची पिशवी आम्ही रिक्षात ठेवून दिली. त्याची आई हळूच म्हणाली, "भाऊ, चार दिवस तुम्ही माझ्या लेकराला फार मायेनं सांभाळलंत. पण मघाशी त्याला तिथं उभं करून सगळं वसूल करून घेतलंत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. 'प्रवेश विनामूल्य' असे पत्रकावर छापणारे आम्हीच होतो, आणि शेवटच्या तासाला किंमत घेणारेही आम्हीच. त्या दिवसापासून आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. तो आपल्यापुढे ठेवीत आहो.

प्रथम 'फुकट' या शब्दाकडे पाहू. शिबिराच्या बैठकीत एखादे वडील हटकून म्हणतात, "थोडी तरी फी ठेवा. फुकटच्या गोष्टीची लोकांना किंमत नसते." व्यवहारात हे पुष्कळदा खरे ठरते. परंतु या घरांची गोष्ट निराळी आहे. जी किंमत त्यांनी आधीच भरली आहे तिचा हिशेब आपल्या वहीत नसतो. व्यायामोपचारासाठी आठवड्यातून दोनतीनदा शहराला जायचे, त्याचे भाडे. मुलाला एकटे टाकता येत नाही म्हणून आईने सोडलेली नोकरी. ज्यांच्या वाट्याची सुट्टी कोणाला कधी देता आली नाही ती धाकटी भावंडे. अशा घराला शंभर रुपयांची फी भरायला लावून आपण शिबिराची किंमत शिकवणार काय? शिवाय फी ठेवली की माफीचा अर्ज आला, आणि अर्ज आला की आपली गरिबी दुसऱ्यापुढे वाचून दाखवणे आले. सर्वांसाठी विनामूल्य ठेवावे ते याचसाठी, की दारात कोणाला आपली अडचण सांगत उभे राहावे लागू नये.

दुसरा शब्द 'दान'. हा मोठा पवित्र शब्द आहे, पण त्यात एक धोका आहे. दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. देणाऱ्याला तो वरचा हात हळूहळू आवडू लागतो, आणि मग हात वर राहावा म्हणून खाली कोणीतरी लागतेच. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली नीतिशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथात असा नियम घालून दिला की मनुष्याला केवळ साधन म्हणून कधी वापरू नये. आम्ही त्या मुलाला फूल देऊन उभे केले तेव्हा नेमके हेच केले होते. देणगीदारांचे समाधान हे साध्य झाले आणि मूल त्याचे साधन.

यावर कोणी म्हणेल, लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूनेच सांगितले नाही काय, की मेजवानी द्याल तेव्हा दरिद्री, व्यंग, लंगडे व आंधळे यांना बोलवा, कारण ते परतफेड करू शकत नाहीत आणि त्यामुळे तुम्ही धन्य व्हाल? होय, सांगितले आहे. परंतु आपण तेथेच थांबलो तर या मुलांची असमर्थता ही आपल्या स्वर्गातील ठेवीची पावती होऊन बसते. प्रभू तेथे थांबला नाही. लगेच त्याने मोठ्या जेवणावळीचा दाखला दिला. त्या दाखल्यात यजमान एकच आहे, आणि रस्त्यांवरून व गल्ल्यांतून आणलेले सगळे पाहुणे. आपण त्या दाखल्यात स्वतःला कोठे बसवतो? बहुधा वाढणाऱ्यांत. पण आपणही बोलावून आणलेलेच आहो आणि आपणही परतफेड करू शकलेलो नाही. कृपेने तारण पावलेल्या मंडळीला दुसऱ्याच्या विनामूल्य जेवणाकडे वरून पाहण्याचा अधिकार कोठून आला?

तिसरा शब्द 'देणे'. आपल्या मराठीची ही एक मौज आहे. 'देणे' म्हणजे दुसऱ्याला काही देण्याची क्रिया, आणि 'देणे' म्हणजे फेडायचे राहिलेले कर्जही. वाण्याचे देणे आपण फेडतो तेव्हा त्याच्यावर उपकार केला असे म्हणत नाही, आणि त्याने टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षाही ठेवीत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की हे शिबिर दानाच्या खात्यात न मांडता देण्याच्या खात्यात मांडावे.

शास्त्रात याला आधार आहे. दुसऱ्या शमुवेलच्या नवव्या अध्यायातील मफीबोशेथाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शिकवतो. तो दोन्ही पायांनी लंगडा होता. दाविदाने त्याला बोलावून आपल्या मेजावर नित्य जेवायला बसवले. ही गोष्ट आपण राजाच्या औदार्याची म्हणून सांगतो. पण दाविदाने हे योनाथानासाठी केले. योनाथानाला त्याने वचन दिले होते, आणि ते पुरे व्हायचे राहिले होते. म्हणजे मफीबोशेथ मेजावर आला तो भिक्षेकरी म्हणून आला नाही. ज्याचे देणे राजाकडे बाकी होते त्याचा मुलगा म्हणून आला. 'नित्य' हा शब्दही लक्षात ठेवण्याजोगा आहे. दाविदाने त्याला उन्हाळ्यातील चार दिवस बोलावले नाही.

प्रेषित पौलानेही रोमकरांस लिहिताना हेल्लेणी व बर्बर या दोघांचाही आपण ऋणी असल्याचे म्हटले. त्या लोकांकडून त्याने काही उसने घेतले नव्हते. परंतु जे त्याला मिळाले ते त्याच्यापुरते दिलेले नव्हते, म्हणून ते पोचते करीपर्यंत तो स्वतःला देणेकरी समजत होता.

आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासातही असे देणे ओळखणारी माणसे होऊन गेली. १९०० च्या दुष्काळात आंधळी मुले निराधार झाली, तेव्हा अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी त्यांच्यासाठी मुंबईत शाळा काढली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि आंधळ्या स्त्रियांना वाचायला शिकवले. त्या स्त्रियांनी टोपल्या विणण्यासारखी कामेही हाती घेतली. पोटाला अन्न देऊन तेथे काम संपले नाही. वाचता येणारी, काम करणारी आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणारी बहीण म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले.

परदेशातील एक उदाहरणही सांगण्यासारखे आहे. ते मंडळीचे काम नव्हते, पण आपल्याला त्यातून शिकता येते. १९६२ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात युनिस केनेडी श्रायव्हर या बाईंनी आपल्या घराच्या आवारात मतिमंद मुलांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केले. त्यांची बहीण रोझमेरी हिची बुद्धी लहानपणापासून मंद होती. एका आईने त्यांना कळवले होते की कोणतेही शिबिर आपल्या मुलाला घेत नाही. बाईंनी शाळाकॉलेजातील तरुणांना या मुलांचे सोबती म्हणून बोलावले. मुले पोहली, घोड्यावर बसली, खेळली. ही मुले काय करू शकत नाहीत याचीच चर्चा चालण्याचा तो काळ होता. पुढे १९६८ साली शिकागो येथे स्पेशल ऑलिम्पिक्सचे पहिले सामने झाले, त्याचे मूळ या शिबिरात होते. शिबिराचा उपयोग हाच, की त्यातून कायमचे एक दार उघडावे.

आणि येथेच आमच्या मनाला टोचणी लागते. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. या कायद्यात २१ आहेत. ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळणे हा आता त्याचा हक्क आहे. सरकारने ज्याला हक्क म्हटले त्याला मंडळीने उपकार म्हणावे काय? लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे. ती दयेची सूचना म्हणून दिलेली नाही. देवाचे भय धरण्याच्या आज्ञेला ती जोडलेली आहे. आपल्या उपासनामंदिराच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत आणि उतार एकही नाही, तर ते अडखळण कोणी ठेवले? उपासनेत एखादे मूल मोठ्याने ओरडले की मान वळवून पाहणारे आपण, तेही अडखळणच आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी विचारलेला प्रश्न, हे कोणाच्या पापामुळे झाले, आपण अजूनही या आईबापांच्या कानावर घालतो. प्रभूने तो प्रश्न तेव्हाच नाकारला होता. अशी घरे रविवारी का दिसत नाहीत याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

म्हणून शिबिराची खरी परीक्षा त्याच्या समारोपात होत नाही. पुढच्या रविवारी होते. वर्षाचे बावन्न आठवडे. एका आठवड्यात केलेल्या प्रीतीने उरलेल्या एकावन्न आठवड्यांची सुटका विकत घेता येत नाही.

करोनाच्या साथीमुळे आमचे शिबिर दोन वर्षे भरले नाही. २०२२ साली पुन्हा भरवले तेव्हा आम्ही समारोपाची सभा ठेवलीच नाही. शेवटच्या दिवशी पंगत घातली आणि देणगीदार, आईबाप, मुले, तरुणसंघ सर्व एका ओळीत बसले. शिबिर विनामूल्यच होते, पण ज्या घरांना काही आणावेसे वाटले त्यांना आणू दिले. कोणी कैरीचे पन्हे आणले, कोणी तांदळाच्या भाकरी. ज्याला कधी काही देताच येत नाही त्याचा मान आपण ठेवला असे होत नाही, हे आम्हांला उशिरा कळले. तो मुलगाही आला होता. आता तो पंधरा वर्षांचा होता. त्याने मीठ वाढण्याचे काम मागून घेतले. प्रत्येकाच्या पानात चिमूटभर वाढीत तो आमच्यापुढे आला, थांबला, आणि मूठभर मीठ वाढून पुढे गेला. पलीकडून त्याची आई पाहत होती. या वेळी हसण्याची पाळी तिची होती.

पुढच्या रविवारी ती दोघे उपासनेला आली. उपदेशाच्या मध्येच तो मोठ्याने काही बोलला. पुढच्या बाकावरील दोन माना वळल्या. ते देणे अजून फिटलेले नाही. पायऱ्यांच्या शेजारी उतार मात्र गेल्या वर्षी झाला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, या उन्हाळ्यात आपण शिबिराचे पत्रक छापाल तेव्हा 'विनामूल्य' हा शब्द जरूर छापा. पण छापण्यापूर्वी वडीलमंडळाच्या बैठकीत एवढे विचारा, की या मुलांपैकी किती जण जूनच्या पहिल्या रविवारी आपल्या वर्गात बसलेले असतील, आणि त्यांच्यासाठी जागा कोण धरून ठेवील. ज्या मेजावर आपणही पाहुणेच आहो, तेथे शेजाऱ्यासाठी सरकून बसण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो.