सिलिंडर कोणाच्या अखत्यारीत?

अणुइंधनाच्या कारखान्यात गळती झाली की खुलासा ठरलेला असतो: किरणोत्साराचा धोका नाही, प्रकार रासायनिक आहे. अनेकदा तो खराही असतो. खटकतो तो त्यातला दिलासा. भोपाळ सोसलेल्या देशात 'रासायनिक' म्हणजे सौम्य, असं कोणाला वाटावं?

युरेनियम हेक्झाफ्लोराइड घ्या. युरेनियमचा एक अणू, भोवती फ्लोरिनचे सहा. पांढरे, जड स्फटिक. हवेच्या नेहमीच्या दाबाला ५६.५ अंश सेल्सिअसवर ते न वितळता थेट वायुरूप होतात. युरेनियम समृद्ध करायला, म्हणजे त्याचा हलका समस्थानिक जड समस्थानिकापासून निवडायला, असाच वायू लागतो. त्यात निसर्गात फ्लोरिनचा समस्थानिक एकच. त्यामुळे ३४९ आणि ३५२ या रेणुभारांतला फरक सर्वस्वी युरेनियमचा. फ्लोरिनचे दोन समस्थानिक असते, तर हलके-जड रेणू एकमेकांत मिसळून गेले असते आणि निवड भलतीच किचकट झाली असती. जेमतेम एक टक्क्याच्या या फरकावर समृद्धीकरणाचा सगळा उद्योग उभा आहे!

हवेतली आर्द्रता लागली, की याच पदार्थापासून युरेनिल फ्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड बनतं. पहिलं पाण्यात विरघळतं आणि मूत्रपिंडांना बाधतं, दुसरं फुफ्फुसं जाळतं. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य मात्र साडेचार अब्ज वर्षांच्या घरातलं, म्हणजे किरणोत्सार मंद. तेव्हा धास्ती घ्यायची ती रसायनाची, किरणांची नव्हे, असंच कोणीही म्हणेल.

४ जानेवारी १९८६. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या गोर इथला सेक्वोया फ्युएल्सचा कारखाना. सुमारे साडेबारा टन माल मावणारा सिलिंडर काट्यावर नीट बसला नव्हता. वजन कमी दिसलं, माल जास्त भरला गेला. जादा माल काढायचा म्हणून सिलिंडर वाफेवर तापवला. स्थायूचा द्रव होताना हा पदार्थ एक तृतीयांशाहून अधिक फुगतो आणि आत तेवढी जागाच नव्हती. सिलिंडर फाटला. हायड्रोजन फ्लोराइड छातीत जाऊन एक कामगार दगावला.

किरणं वेगळी, रसायन वेगळं ही विभागणी इथे तोकडी पडते. अमेरिकेत तेव्हा अणुनियामकाचं लक्ष मुख्यतः किरणोत्सारावर. कामगारांच्या सुरक्षिततेची संस्था निराळी. कोणी काय पाहायचं, याचा लेखी करार दोघांनी केला तो १९८८ साली, अपघातानंतर. विज्ञानाच्या वर्गात ही विभागणी हवीच. कारखान्याच्या देखरेखीत मात्र तीच घातक ठरते, कारण सिलिंडरमधला पदार्थ एकाच वेळी दोन्ही असतो.

यापुढे 'प्रकार रासायनिक आहे' असा खुलासा वाचनात आला, तर वाचकांनी तिथे थांबू नये. कोणता वायू सुटला, किती सुटला आणि त्याची तपासणी कोणाकडे होती, हे विचारावं.