बाक तुझ्या हातात आहे

चि. भाचीस,


पहिलीचा वर्ग तुझ्याकडे आला आणि शाळेत ‘आरटीईची पोरं’ हे शब्द ऐकून तुला रात्री झोप आली नाही, हे वाचलं. ते शब्द तुला खटकतात, तोवर तुझ्या वर्गाची मला काळजी नाही.

वाद होईल तेव्हा माहिती पक्की असू दे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, खासगी विनाअनुदानित शाळांत किमान 25 टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट. 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

“शेजारी झेडपीची शाळा आहे की!” हे म्हणणं मला झेडपीचा मास्तर असूनही पटलं नाही. पाथर्डीकडे तीस वर्षं शिकवलं. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं आईबापांबरोबर निघून जायची. चार पैसे आलेल्या घरची मुलं तालुक्याच्या शाळेत गेली. मग पत्रा गळला तर पंचायत समितीत जाऊन ठणकावणारा पालकच गावात उरला नाही. नुसत्या गरिबांची शाळा झाली की तिच्यासाठी भांडणारं कुणी राहत नाही, आणि नुसत्या श्रीमंतांच्या शाळेतल्या मुलांना आपला तालुकाच कळत नाही.

या मुलांच्या फीच्या प्रतिपूर्तीचे पैसे सरकारकडून वेळेवर मिळत नाहीत, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. ते भांडण त्यांनी सरकारशी जरूर करावं. थकबाकीचा राग सहा वर्षांच्या पोरावर मात्र निघू देऊ नकोस.

कायद्याने मूल वर्गाच्या दारापर्यंत आलं. त्याला बाकावर कुणाशेजारी बसवायचं, हे तू ठरवणार. दर महिन्याला जागा बदल. फीचा, दाखल्याचा विषय वर्गात काढू नकोस. उपक्रमाला विकतचं साहित्य मागू नकोस. पालकांना निरोप मराठीतून धाड आणि सभा संध्याकाळी ठेव, म्हणजे कुणा आईची रोजंदारी बुडणार नाही.

भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं आणि त्यांना एका पंगतीला बसवलं. तू नगरात आहेस. इथली मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि 1848 मध्ये त्यांनी आपली शाळा काढली. चांगला वर्ग पाहणाऱ्यालाही कामाला लावतो.

आणखी एक. ही मोफत शिक्षणाची सोय आठवीला संपते. नववीची फी कुठून आणायची, हे त्या पालकांशी सातवीतच कुणीतरी बोललं पाहिजे. तोवर ती मुलं तुझ्या वर्गातून पुढे गेलेली असतील, तरी ते बोलणं तूच कर.

तुझा,
मामा