अभावाचा प्रश्न आणि इतिहासकाराचे दायित्व

एखाद्या परंपरेत काय नाही, हे विचारणे वरकरणी निव्वळ ज्ञानात्मक कृत्य वाटते. वस्तुतः त्यात एक नैतिक व्यवहार दडलेला असतो. संस्कृत नाट्यपरंपरेत शोकात्मिका का नाही, एकोणिसाव्या शतकापूर्वी मराठीत कादंबरी का नाही, बखरकारांना इतिहासदृष्टी का नव्हती, असे प्रश्न आपल्या समीक्षेने वारंवार विचारले आहेत. मात्र ते विचारणारा कोठे उभा आहे, याची चिकित्सा तिने क्वचितच केली आहे. अशा प्रश्नाचे सर्वांत भव्य आणि म्हणूनच सर्वांत उद्बोधक उदाहरण विज्ञानेतिहासात आढळते. ते म्हणजे जोसेफ नीडहॅम (१९००–१९९५) यांनी चीनसंबंधी उपस्थित केलेला प्रश्न. त्याच्या आधारे अभावाच्या प्रश्नाची नैतिक बाजू तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नीडहॅम हे मूळचे केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ. ‘केमिकल एम्ब्रिऑलॉजी’ हा त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. १९३७ साली तीन तरुण चिनी संशोधक केंब्रिजला आले. त्यांपैकी लू ग्वेइ-जेन यांच्या सहवासात नीडहॅम चिनी भाषेकडे वळले. युद्धकाळात, १९४२ नंतर, चुंगकिंग येथे ब्रिटन आणि चीन यांच्यातील वैज्ञानिक सहकार्याचे काम त्यांनी केले. ‘सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९५४ साली निघाला. त्यात साहाय्यक संशोधक म्हणून वांग लिंग यांचे नाव आहे आणि तो खंड अर्पण केला आहे नानकिंगमधील एका औषधविक्रेत्याला, म्हणजे लू यांच्या वडिलांना. ही अर्पणपत्रिका केवळ सौजन्याची खूण नव्हे. चिनी परंपरेचे ज्ञान आपल्याला माणसांकडून मिळाले, ही जाणीव तीत आहे. आणि ऋणाची ही जाणीव नीडहॅम यांच्या साऱ्या कार्याचा पाया आहे.

बेकनने १६२० साली मुद्रण, बंदुकीची दारू आणि होकायंत्र या तीन शोधांनी जगाचे रूप पालटल्याचे नोंदविले. त्यांचा उगम मात्र त्याला अंधारातच राहिलेला दिसत होता. नीडहॅम यांनी हा उगम प्रकाशात आणला. तिन्ही शोधांची मुळे चीनमध्ये होती, हे त्यांच्या ग्रंथमालेने विपुल प्रमाणांनिशी मांडले. युरोपने जे आपले स्वयंभू कर्तृत्व मानले, त्यातील बराच भाग घेणेकऱ्याचा होता. त्यामुळे नीडहॅम यांची भाषा उपकाराची नसून हिशेबाची आहे. उपकारकर्ता आपल्या मर्जीने देतो. ऋणकोला मात्र दुसऱ्याच्या हक्काचे परत करावे लागते. परक्या संस्कृतीविषयी लिहिताना हा भेद विसरला की सहानुभूतीचेही रूपांतर दातृत्वाच्या अहंकारात होते.

तरीही नीडहॅम यांचा मुख्य प्रश्न अभावाचाच राहिला. आधुनिक विज्ञान युरोपातच का उदयास आले, चीनमध्ये का नाही? त्यांनी त्याला एका दुसऱ्या प्रश्नाची जोड दिली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत निसर्गज्ञानाचा व्यवहारात उपयोग करण्यात चीन युरोपपेक्षा सरस का ठरला, हा तो प्रश्न. पण वाचकांच्या स्मरणात पहिलाच राहिला, आणि याचे कारण केवळ वाचकांच्या पूर्वग्रहात शोधता येणार नाही. १९६९ सालच्या ग्रंथाला नीडहॅम यांनी ‘द ग्रँड टायट्रेशन’ असे नाव दिले. टायट्रेशन म्हणजे अनुमापन. त्यात अज्ञात तीव्रतेचे द्रावण ज्ञात तीव्रतेच्या प्रमाण द्रावणाच्या साहाय्याने मोजले जाते. या रूपकात एक अट गृहीत आहे: त्या मापनापुरते प्रमाण द्रावण स्वतः मोजले जात नाही. नीडहॅम यांच्या मापनात हे स्थान आधुनिक विज्ञानाला मिळाले. सर्व संस्कृतींच्या नद्या अखेर एकाच समुद्राला मिळतात, ही त्यांची उदार श्रद्धा होती. परंतु समुद्र कोठे आहे, हे अगोदरच ठरलेले होते.

अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सुंग याने खायफंग येथे उभारलेल्या खगोलीय घटिकायंत्राचे उदाहरण घ्यावे. पाण्याने फिरणारे चाक ठरावीक अंतराने अडवून सोडणारी त्यातील योजना नीडहॅम, वांग लिंग आणि डेरेक प्राइस यांनी उजेडात आणली आणि यांत्रिक घड्याळाच्या इतिहासातील एक मोठी पोकळी भरून काढली. हे कार्य निर्विवाद मोलाचे आहे. परंतु ते यंत्र ज्या जगात उभे होते, तेथे ते घड्याळाचे पूर्वज नव्हते. ग्रहताऱ्यांच्या गतीशी राजसत्तेचा मेळ राखणाऱ्या दरबारी व्यवस्थेचा तो भाग होता. यंत्रातून घड्याळ वेगळे काढले की ऋण मोजता येते. मात्र ते यंत्र निर्माण करणाऱ्यांचा हेतू हाती लागत नाही. नेथन सिव्हिन यांनी १९८२ साली याच गृहीतकावर बोट ठेवले. सतराव्या शतकात चिनी खगोलशास्त्रातही एक वैचारिक क्रांती झाली; तिचे परिणाम युरोपीय क्रांतीसारखे झाले नाहीत म्हणून ती झालीच नाही असे म्हणता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

येथे नीडहॅम यांच्या जीवनातील एक अडचणीचा प्रसंग टाळून चालणार नाही. कोरियन युद्धात अमेरिकेने जंतुयुद्ध केल्याच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे ते १९५२ साली सदस्य होते. आयोगाने आरोप ग्राह्य धरला. त्याचा निष्कर्ष मुख्यतः चिनी वैज्ञानिकांनी जमविलेल्या पुराव्यावर आधारलेला होता, आणि त्या वैज्ञानिकांच्या सचोटीवर नीडहॅम यांचा विश्वास होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांच्या नकलांवरून काही पुरावा बनावट असल्याचे सूचित होते. वाद मात्र पूर्णतः मिटलेला नाही. वादाचा निकाल काहीही लागो, प्रसंगाचा नैतिक आशय बदलत नाही. ज्या समाजाची शतकानुशतके अवहेलना झाली, त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवणे हा न्यायाचाच एक भाग आहे. परंतु ती साक्ष तपासायचीच नाही, हा न्याय नव्हे. साक्ष तपासणे म्हणजे साक्षीदाराला समान मानणे. ज्याची चूक होऊच शकत नाही असे आपण धरून चालतो, त्यालाही आपण एका अर्थाने संवादाच्या बाहेर ठेवलेले असते.

आता आपल्या वाङ्मयेतिहासाकडे वळता येईल. गणपतिशास्त्रींना सापडलेली आणि भासाच्या नावावर मांडली गेलेली नाटके १९१२ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा ‘ऊरुभंग’मध्ये अनेकांना हरवलेली शोकात्मिका गवसली. रंगमंचावर दुर्योधनाचा मृत्यू होतो, एवढे पुरेसे ठरले. अभावाचा प्रश्न आपण नाकारला नाही; ‘आमच्याकडेही होते’ असे उत्तर देऊन तो अधिकच घट्ट केला. बखरीला सदोष इतिहास ठरविणारा समीक्षक आणि तिच्यात आधुनिक इतिहासलेखनाची बीजे शोधणारा अभिमानी अभ्यासक, दोघेही प्रमाण द्रावणाला हात लावत नाहीत. देशीवादी भूमिकेने हे द्रावणच फेकून द्यावे असे सुचविले. तिच्यातील स्वत्वाचा आग्रह समजण्याजोगा आहे. परंतु तुलनाच सोडून दिली तर ऋणाचा हिशेबही संपतो, आणि आपण कोणाचे काय लागतो हे सांगण्याची सोय उरत नाही.

तेव्हा अभावाचा प्रश्न विचारूच नये असे नाही. तो विचारण्याचा अधिकार कसा मिळतो, एवढेच पाहावयाचे आहे. जो तोच प्रश्न उलट दिशेने विचारू देतो, त्याला हा अधिकार पोचतो. संस्कृत नाटकात शोकात्मिका का नाही असे विचारणाऱ्याने ग्रीक परंपरेत रससिद्धांत का नाही, हाही प्रश्न तितक्याच गांभीर्याने ऐकून घेतला पाहिजे. आणि दोन्ही प्रश्न सारखेच विचित्र वाटू लागले, तर त्या विचित्रपणातूनच खऱ्या तुलनेला आरंभ होईल. नीडहॅम यांच्या सूत्राला हे पूर्णतः साधले नाही, त्यांच्या कार्यपद्धतीला मात्र बऱ्याच अंशी साधले. त्यांनी चिनी सहकाऱ्यांसोबत काम केले, त्यांची नावे ग्रंथांवर घातली आणि युरोपच्या आत्मप्रतिमेला देणेकऱ्याच्या जागी उभे केले. त्यांच्या प्रश्नापेक्षा त्यांचे आचरण अधिक न्याय्य होते. इतिहासकाराचे मूल्यमापन करताना आपण बहुधा त्याचे प्रमेय तपासतो. ते मांडत असताना तो कोणाच्या शेजारी बसला होता, याचीही दखल घ्यावयास हवी.